५ पानं एकच माणूस एकच लोखंड उचलून राहिला, तरी बोर काहून नाही होत?

जागलीवाला | रात्री १:५०

राम राम मंडळी. पोस्ट लंबी होणार हाय, आधीच सांगतो, मंग म्हणू नका.

आमच्याइकडे हरभऱ्याले पाणी चालू हाय आन या हप्त्यात शेतीची लाईन रातची हाय. स्प्रिंकलरचे पाइप दर ३ घंट्यानं उचलून पुढं मांडाचे, मधात माळ्यावर बसून डुकरं हाकलाचे, बाकी काय काम? मोबाईल. भाच्यानं जुने कॉमिक्स वाचाच्या ॲपची वर्गणी भरून देली तवापासून माही जागल सुधरली. लहानपणी दारव्ह्याच्या स्टँडवरून आठ आणे भाड्यानं नागराज अन् ध्रुव आणाचो, हिंदीतले. वेताळ मात्र मराठीतला, काकाच्या पेटीतला, कव्हर फाटलेला. त्याच्यापुढं कधी गेलो नव्हतो.

तर काल राती अमेझिंग स्पायडर-मॅनचा ३३ वा अंक वाचला. फेब्रुवारी १९६६ चा. चित्रं स्टीव्ह डिटकोचे, लिहिणारा स्टॅन ली. ३१ व्या अंकात चालू झालेली गोष्ट इथं संपते. ज्यायनं वाचली नसन त्यायच्यासाठी सांगतो. पीटर म्हंजेच स्पायडर-मॅन, त्याची मे काकू दवाखान्यात मराले टेकली हाय, कारण यानंच तिले एकडाव रक्त देलं होतं आन याचं रक्त म्हंजे कोळी चावलेलं, किरणोत्सर्गी. जीव वाचवाले देलेलं रक्तच तिच्या जिवावर उठलं. तिच्यासाठी एकच औषध हाय, थे डॉक्टर ऑक्टोपस नावाच्या व्हिलनच्या माणसायनं पळवलं. हा पठ्ठ्या त्यायच्या पाण्याखालच्या अड्ड्यात घुसते, मारामारी होते, आन एक भलं मोठं लोखंडी मशीन याच्या अंगावर येऊन पडते. औषधाची डबी समोरच हाय, हात नाही पुरत. वरतून छत गळून राहिलं. ३२ वा अंक इथंच संपते. त्या काळच्या पोट्ट्यायले पुढचा अंक येईस्तोर महिनाभर तसंच बसा लागलं असन. मी तर बोट सरकवलं आन उघडला, हे बी एक नुकसानच म्हणा.

आता मुद्दा. अंक २० पानाचा. त्यातले पहिले ५ पानं हा माणूस त्या मशीनखाली हाय. चौथाई अंक! समोर व्हिलन नाही, बुक्की नाही, जाळं नाही. एक माणूस, एक लोखंड, एक डबी, आन पाणी. उचलते, जमत नाही. पुन्हा जोर लावते, पुन्हा खाली. हिंमत हारते. मंग बेन काका आठवते, ज्याच्या मरणात याची चूक होती, त्या चोराले यानंच जाऊ देलं होतं. काकू आठवते. पुन्हा लागते. आन पाचव्या पानावर अख्ख्या पानाचं एकच चित्र, उचललं!

मी थे ५ पानं वाचले, पाइप बदलून आलो, पुन्हा वाचले. त्याच राती एक नवा अंक बी वाचला होता, नाव नाही घेत, त्यात ५ पानात दोन शहरं उडाले आन मी चार मिनिटात संपवून डुकरं पाहत बसलो. मंग इथं काहून खिळून राहिलो?

माह्या डोक्यात असं आलं का वजन दाखवाचं असन तर वेळ द्या लागते. ज्यानं विहिरीतून डिझेल इंजन काढलं त्याले हे सांगा लागत नाही. पावसाळ्याच्या आधी चार जण दोर लावून ओढतात, मधात एक टाइम असा येते का इंजन वर बी येत नाही खाली बी जात नाही, कोणी बोलत नाही, फक्त दोर कुरकुरते. डिटकोनं थोच टाइम काढला. दुसरा कोणी असता तर एका चौकटीत "त्याने सारी शक्ती पणाला लावली" लिहून मोकळा झाला असता, आपणबी "बरं" म्हणून पान पलटवलं असतं.

तुमचं काय म्हणणं?

तर्री_जादा | सकाळी ८:१०

भाऊ मी वाचला आहे हा अंक, एवढं डोक्यावर घ्यायसारखं काही नाही त्यात. चित्राशी माझं भांडण नाही, बडबडीशी आहे. टनावारी लोखंड पाठीवर आणि गडी भाषण देऊन राहिला! श्वास घ्यायला जागा नाही आणि विचारांचे फुगे पानभर. मी करीन, मला करावंच लागेल, काकूसाठी, बेन काकासाठी... अरे उचल ना बाप्पा! आमच्याकडे सिलेंडर तिसऱ्या माळ्यावर नेणारा पोट्टा वर पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही, बोलला तर खाली येईल. त्या काळी वाचकाला येडा समजायचे, चित्रात जे दिसते तेच वर पट्टीत पुन्हा लिहायचे.

आणि सस्पेन्स कसला? कव्हरवरच तो दबलेला दाखवला आहे. पुढच्या महिन्यात ३४ वा निघणार म्हणजे हा सुटणार हे पोट्ट्यांनाबी माहीत.

जागलीवाला | सकाळी ८:४०

सुटणार हे माहीत असूनच तर वाचतो ना गा. दंडारीत रावण मरणार हे कोणाले माहीत नसते? तरी लोकं घोंगड्या घेऊन कोंबडा आरवेपर्यंत बसते. कसा मरते थे पाहाचं असते.

बाकी बडबडीचं तुह्यं थोडं पटलं. मले बी इंग्रजी अटकत अटकत येते, म्हणून मी अर्धे फुगे सोडूनच देले होते खरं सांगतो.

वडसा_कंपनी | सकाळी ९:२५

भाषणावर बोलू नका हो, भाषण म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा प्राण. आमच्या नाटकात गोळी लागलेला माणूस आधी पद म्हणतो मग मरतो, आणि वन्स मोर आला तर उठून पुन्हा म्हणतो. कोणी विचारत नाही की गोळी लागल्यावर सूर कसा लागला. दिवाळी ते होळी हाच धंदा आहे आमचा, म्हणून बोलतो. पद चालू असते तेव्हा बाकी स्टेजवरची वेळ थांबलेली असते. तो पोलीस बंदूक धरून तसाच उभा. विचारांच्या फुग्याचं बी तसंच समजा ना. तो बोलत नाहीच आहे, मशीन जागेवर आहे, पाण्याचा थेंब हवेत आहे, आणि त्याच्या मनातलं पद चालू आहे.

तर्री_जादा | सकाळी ९:३१

हाहा वन्स मोर आला तर पुन्हा मशीनखाली जाईन का तो

ड्रॉइंग_मास्तर | दुपारी १:१५

जेवणानंतर सहज उघडला धागा आणि पेन्शनरला कामच मिळालं. ३४ वर्षं पोरांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवली, तेव्हा थोडं आगाऊपणानं बोलतो.

जागलीवाला, तुम्ही वजनाचं म्हटलं ते बरोबर आहे पण वजन नुसत्या पानांच्या संख्येत नाही. पुन्हा उघडा आणि चौकटींचा आकार बघा. डिटको बहुतेक वेळा पानावर लहान लहान चौकटींची जाळी पाडतो. इथं सुरुवातीला माणूस कोंबला आहे, वर लोखंड, खाली फरशी, चौकटीची रेघसुद्धा त्याच्या पाठीवर टेकल्यासारखी. जसजसा तो उठतो तसतशी चौकट मोठी होते. म्हणजे मशीन तो एकटा उचलत नाही, पानसुद्धा त्याच्याबरोबर उघडत जातं. आणि शेवटी चौकटच उरत नाही, सगळं पान त्याचं. आपला डोळा पान उलटल्याबरोबर ते ओळखतो, डोक्याला नंतर कळतं. मोबाईलवर एकेक चौकट मोठी करून वाचत असाल तर हे दिसणार नाही, अख्खं पान एकदम पाहा.

फुग्यांचं म्हणाल तर त्या मार्व्हल कंपनीत काम उलट्या क्रमानं चालायचं. चित्रकार आधी अख्खी गोष्ट चित्रात रचून द्यायचा, शब्द मागून भरायचे. २५ व्या अंकापासून तर कथानकाचं श्रेयसुद्धा डिटकोच्या नावानं छापून येत होतं. म्हणजे ती ५ पानं द्यायचा हट्ट चित्रकाराचा. लीसाहेबांच्या हातात भरलेली पानं आली, त्यांनी त्यावर बोलणं ओतलं, कुठं जास्त झालं. म्हणून तर्री_जादा म्हणतात तशी चित्र आणि शब्दाची डबल हजेरी लागते.

एक प्रयोग करा. इंग्रजी अजिबात न येणाऱ्या माणसाला ही ५ पानं दाखवा, फुग्यांवर अंगठा ठेवून. काय समजतं ते इथं लिहा.

पिझ्झा_इन_पुसद | दुपारी २:०५

हा सीन २०१७ च्या होमकमिंग पिक्चरमध्ये आहे ना!! मला वाटलं त्यांनीच बनवला. तिथं तो आधी मदत मदत म्हणून रडतो, मग पाण्यात स्वतःचं तोंड अर्धं आणि मास्क अर्धा असं दिसतं. मला तेच भारी वाटतं, कारण तो आपल्याएवढा पोरगा आहे अन् खरंच घाबरतो.

ड्रॉइंग_मास्तर | दुपारी २:२०

बरोबर बाळा. तिथं नटाचा चेहरा होता, आवाज होता. इथं तोंडावर पूर्ण मुखवटा, नाक ना ओठ, दोन पांढरे डोळे. चेहऱ्याविना रडायचं कसं? खांद्यानं आणि बोटांनी. त्या पानांवर बोटं बघ नुसती.

जागलीवाला | रात्री १२:३५

मास्तर, तुमचा प्रयोग केला. पुरा सांगतो, लाईन याले अजून टाइम हाय.

आमचे आबाजी ८० पार. मराठी पोथी वाचते, इंग्रजीतला ए बी नाही. संध्याकाळी अंगणात शेकोटीपाशी बसले होते, चष्म्याची एक दांडी तुटली म्हणून दोरा कानाले गुंडाळलेला. म्हटलं आबाजी हे चित्रं पाहा अन् काय चालू हाय सांगा. मी फुग्यावर अंगठा ठेवाचो तर मोबाईल पान मोठं कराचा, मंग लहान करा, पुन्हा अंगठा, असं दहादा. शेवटी आगपेटीची काडी धरून पानं सरकवले अन् फुगे तसेच राहू देले, नाहीतरी त्यायले वाचता येत नाही, मी कायले झाकून राहिलो होतो!

पहिलं पान पाहून म्हणे, "हा कोण, बहुरूपी व्हय का?" म्हटलं हाव, तसाच. "अंगावर काय पडलं? थ्रेशर?" म्हटलं मशीन हाय. मंग स्वतःच बोट ठेवलं, "आन हे डबी कायची? सारखी डबीच दाखवून राहिला." मी काहीच सांगतलं नव्हतं. म्हटलं औषध. "कोनाचं?" याच्या काकूचं. त्याच्यानंतर बोलले नाही. पान सरकवाले मान हलवाचे फक्त. जिथं थो हारून मान टाकते तिथं मले थांबवलं, बराच वेळ पाहिलं. मंग मोठ्या चित्रावर आलो तर मी समजलो आता शाबास म्हणतीन. तर म्हणते, "हे खोटं हाय."

काहून?

"एवढं उचलल्यावर माणूस असा उभा नाही राहत. आधी पाय जाते."

आन मंग जे सांगतलं थे माह्या बापालेबी माहीत नव्हतं. लग्नाच्या आधी कापसाची बंडी घेऊन जिनिंगले निघाले होते, नाल्याच्या उतारात बंडी पलटली, हे खाली. कमरेवर बंडीची बाजू, तोंडापाशी नाल्याचं पाणी. बैल जुवात अटकलेले, त्यायच्या घंट्या वाजून राहिल्या. म्हणे "जोर लावून नाही निघालो, रेतीत हातानं खोदत खोदत निघालो, आन निघाल्यावर दोन्ही पाय नव्हतेच जसे, तिथंच बसलो उजाडेपर्यंत." कोणाले कधी काहून नाही सांगतलं तर म्हणे कापूस वला झाला होता, बापानं मारलं असतं.

मंग मी पुढचं पान दाखवलं. लोखंड फेकलं, पण पाय जायबंदी झाला हाय आन पाणी धाडकन आत घुसून त्याले लोटते. आबाजी पाहून म्हणे, "आत्ता बरोबर. याच्यावर बी कधी पलटली असन." डिटकोवर!

मंग मले झोपू नाही देलं. "बुढीचं काय झालं थे सांग." पुऱ्या अंकाचा मी आमच्या भाषेत अनुवाद केला रात्री साडेदहापर्यंत.

तर्री_जादा | सकाळी ७:५५

भाऊ आबाजींना माझा नमस्कार सांग, वाचून अंगावर काटा आला. पण यावरून मीच बरोबर ठरलो की नाही? फुगे न वाचता सगळं समजलं म्हणजे फुगे फालतूच.

ड्रॉइंग_मास्तर | सकाळी ८:३०

सगळं नाही समजलं. डबी समजली, वजन समजलं, हारणं समजलं. पण मध्ये जे दोन चेहरे तरंगतात, त्यातला एक ह्याच्या चुकीनं गेलेला काका आहे हे त्यांना कळलं का? जागलीवाला, विचारा. ते शब्दाशिवाय येत नाही. निम्मे फुगे कापा म्हणाल तर सही करतो, सगळे कापा म्हणाल तर नाही.

जागलीवाला | सकाळी ८:४२

विचारलं. म्हणे "थे नवरा बायको त्याचे मायबाप असन, वरून पाहून राहिले." म्हंजे मास्तर जिंकले. तरीबी आबाजीचा अर्थ काही वाईट नाही.

चांद्याची_वाघीण | सकाळी ११:१०

दोन दिवसांपासून गुपचूप वाचून राहिले होते, आता बोलते. सगळे पहिल्या ५ पानांवरच का अडकले? अंकात अजून १५ आहेत आणि तिथं गोष्ट सांगायची रीत मला बरीच लंगडी वाटली.

सुटल्यावर गुंडांशी मारामारी, औषध डॉक्टर कॉनर्स या शास्त्रज्ञाकडं तपासायला, मग दवाखाना, मग पेपरच्या ऑफिसात संपादक जेमसनला फोटो विकणे, सगळं एसटी चुकेल अशा घाईत. आणि बेटी ब्रँट, त्याची मैत्रीण! त्याचा मार खाल्लेला चेहरा पाहून ती घाबरते, असल्या धोक्यात राहणारा माणूस तिला नको आहे, आणि निघून जाते. एवढी वर्षं अंक-अंकातून चालत आलेलं प्रकरण. लोखंड उचलायला ५ पानं आणि बाईच्या मनातून माणूस उतरायला थोड्याशा चौकटी. ते वजन नाही का?

मे काकूचं तर विचारूच नका. तीन अंक खाटेवर. माझ्या मते मे काकू आणि ती औषधाची डबी, दोघींचं काम एकच, समोर पडून राहायचं म्हणजे हिरो उठेल. माझी आजी आजारी पडली तर खाटेवरून अख्ख्या घराला शिव्या देऊन कामाला लावायची, तिला डबी करून पाहिलं असतं कोणी!

आणि वेळेचं म्हणाल तर याच मासिकाचा १२१ वा अंक वाचा, जून १९७३. लेखन गेरी कॉनवे, चित्रं गिल केन. पीटरची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडते, तो जाळं फेकून तिला धरतो, आणि तिच्या मानेजवळ एक लहानसा आवाज लिहिला आहे, "स्नॅप". बस. त्याला वाटते वाचवलं. कथेचं नावसुद्धा पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर दिलं आहे, कारण नावातच तिचं मरण आहे. मला विचाराल तर उचलायच्या ५ पानांपेक्षा त्या एका शब्दाला जास्त हिंमत लागली.

वडसा_कंपनी | सकाळी ११:४०

वाघीण बाई, डबीवाली लाइन आमच्या नाटकात घेऊ का? आमच्या लेखकालाबी हीच सवय आहे, आईला पहिल्या अंकात खोकला लावून ठेवतो.

ध्रुव_फॅन_दिग्रस | दुपारी १२:२०

विषयाबाहेर वाटेल पण माझं म्हणणं असं की ध्रुव या मशीनखाली असता तर ५ पानं लागलीच नसती कारण त्याच्याकडं पॉवरच नाही, १९८७ पासून बिना पॉवरचाच आहे तो, सर्कशीत वाढलेला, तो आजूबाजूला पाहून कुठला तरी पाइप, कुठली तरी साखळी, पाण्याचा दाब असं काहीतरी जुगाड लावून निघाला असता आणि त्याचे लेखक-चित्रकार अनुपम सिन्हांनी ते दोन चौकटीत समजावून पण सांगितलं असतं. आबाजींनी रेतीत खोदलं ना, ते ध्रुव स्टाइल आहे. स्पायडर-मॅन एवढा हुशार, सायन्सवाला, आणि करतो काय तर नुसता जोर.

तर्री_जादा | दुपारी १२:३०

हे पटलं. आबाजी > स्पायडर-मॅन

ड्रॉइंग_मास्तर | दुपारी ४:००

वाघीण, बेटीबद्दल तुमच्याशी सहमत. चित्रकाराचा जीव त्या पाच पानांत होता हे दिसतं, बाकीचं त्यानं निभावलं. पण घाईबद्दल थोडं वेगळं वाटतं. सुटल्यानंतरची मारामारी पाहा, तो जवळपास शुद्धीत नाही, हात आपोआप चालतात. तिथं चौकटी लहान आणि भरभर आहेत ते मला चुकीचं वाटत नाही, थकलेल्या माणसाला नंतरचं असंच तुटक आठवतं. ऑफिसातला भाग मात्र कोरडाच.

ध्रुवचं म्हणाल तर जुगाड सुचला असता तर गोष्ट डोक्याची झाली असती. ही अपराधाची गोष्ट आहे, त्याला जोरच लावू द्यायला पाहिजे.

जागलीवाला | रात्री १:२०

वाघीण ताई, १२१ वा वाचला आत्ताच. खरं सांगू? थो लहानसा आवाज मले पहिल्यांदा दिसलाच नाही. वाचून गेलो, म्हटलं वाचली पोट्टी, मंग ही मेली कशी? पाइप बदलून आलो, मागं गेलो, तवा दिसला. हात मातीचे होते, स्क्रीनवर बोट उमटलं नेमकं तिथंच. तुमचं म्हणणं मान्य, त्याले ५ पानं देले असते तर सत्यानाश झाला असता. पण ३३ वा बी मी सोडत नाही. आन काकू डबी हाय हे वाचल्यापासून मले थो अंक पहिल्यासारखा दिसून नाही राहिला, हे तुमच्यामुळं.

आबाजीले तुमचं डबीवालं सांगतलं. हसले नाही. उलटं मलेच विचारलं, बुढीले औषध पोचलं, बुढी वाचली, थे ठीक. पण या पोट्ट्याच्या पायाले पट्टी कोनं बांधली?

मी शेवटचे पानं दोनदा मागंपुढं करून पाहून राहिलो. थांबा, लाईन आली, मोटर लावून येतो.